पावलांतले मीठ

फार जुन्या काळी, समुद्र गावाच्या आणखी जवळ होता तेव्हा, खाडीकाठी एक गाव होते. तिथे सगळे मीठ पिकवत आणि प्रभू येशूचे नाव घेत.

पाऊस सरला की मिठागरातले वाफे पायांनी तुडवायचे. चिखल घट्ट बसला, तरच मीठ पांढरे उतरते. मग पाटाची फळी उचलायची, भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि वाट पाहायची. हंगामाची पहिली टोपली पुनरुत्थानाच्या सणाला चर्चमध्ये जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर त्यातलाच खडा ठेवत.

या गावात एक आई आणि तिची लहान मुलगी राहत. त्या वर्षी दोघींनी मिळून वाफा तुडवला. शेवटच्या कोपऱ्यात मुलगी नुसती नाचली. चिखल वाळतो न वाळतो, तोच तापाने ती गेली.

आईने पाटाची फळी उचललीच नाही. कोपऱ्यात मुलीची पावले उमटली होती. पाण्याने ती पुसली गेली असती.

पण पाणी तिच्याच वाफ्यातून पुढे जाई. पुढचा वाफा शेजारणीचा होता. ती तान्हे बाळ कडेवर घेऊन आली.

“बाय, तुझं दुःख मोठं आहे, कबूल. पण माझ्या वाफ्यात नुसती धूळ आहे. ती विकायला नेऊ का?”

“तुला काय,” आई म्हणाली, “तुझं कडेवर आहे.”

शेजारीण मान खाली घालून परत गेली.

आई रोज क्रूसापाशी गुडघे टेकून म्हणे, “प्रभू, एवढी पावलं राहू दे.” उठताना मन होते तसेच जड असे.

एका सकाळी गावची म्हातारी सुईण काठी टेकत बांधावर आली.

“कोपऱ्यावर ही झावळ्यांची झाप कशाला घातलीस गं?”

“दवाने झिजतात पावलं.”

“आणि पावसाने?”

आईने झाप आणखी नीट दाबून बसवली.

“ही पावलं तुझ्याआधी मी पाहिली आहेत,” सुईण म्हणाली. “पायाळू जन्मली पोर. तेव्हा तू ओरडत होतीस, लवकर सोडव म्हणून. मी काय म्हटलं होतं?”

“ओढायचं नाही. थांबायचं.”

“आताही तेच सांगते. प्रभूच्या कबरेकडे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या होत्या. त्यांनाही त्याचं शरीर जपायचं होतं. कबर रिकामी निघाली. भरलेली सापडली असती, तर आपण सणाला घंटा कशासाठी वाजवली असती?”

“मग माझी पोर कुठे आहे, मावशे?”

“त्याच्यापाशी. या चिखलात नाही.”

आईने झाप बाजूला केली. त्या पावलांना ओठ लावले. मग तिने फळी उचलली.

“तुझ्या हाती देते, प्रभू,” ती म्हणाली. पाणी आले आणि पावले दिसेनाशी झाली. पाण्याचा आवाज ऐकून गाव धावत आले, आणि ती सगळ्यांसमोर मोकळेपणी रडली.

पुढे नुसती वाट पाहणे होते. ती जपमाळ घेऊन बांधावर बसे. कधी प्रार्थना सुचे, कधी नुसते मणीच सरत. शेजारीणही येऊन बसू लागली. एकदा तिने बाळ आईच्या मांडीवर ठेवले.

“मी मागितलं नव्हतं,” आई म्हणाली.

“माझे हात भरून आलेत. धर जरा.”

आईने धरले.

पाणी आटत गेले. वाफाभर मिठाचा पातळ थर बसला. पण पावलांच्या खळग्यांत पाणी शेवटपर्यंत टिकले होते, म्हणून मीठही तिथेच सर्वांत दाट धरले. उन्हात इवली इवली शुभ्र पावले चमकत होती, नाचत गेल्यासारखी. गाव बांधावर जमले. आईने ते मीठ आपल्या हातांनी टोपलीत भरले.

सणाच्या सकाळी घंटा वाजू लागली. मिरवणुकीत टोपली डोक्यावर घेऊन सर्वांत पुढे आई चालत होती, ताठ मानेने. बाप्तिस्म्यात शेजारणीच्या बाळाच्या जिभेवर खडा ठेवताच त्याने तोंड वेडेवाकडे केले. सगळे चर्च हसले, आणि त्यात आईचे हसू सर्वांत मोठे होते.

आपले माणूस प्रभूच्या हाती सोपवावे आणि धीर धरावा. त्याच्या हाती दिलेले काहीच हरवत नाही.