सोनेरी लाव्यांची मातकट आई

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात लावे पाळणारा एक माणूस राहत असे. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा गवतातला पक्षी. रंगाने असा मातकट, की ढेकळांत बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही. पण या माणसाच्या खुराड्यात सोनेरी लावे होते. पंचक्रोशीत तसा पक्षी दुसरीकडे नव्हता, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय लावेवाल्याला जेवण गोड लागत नसे.

त्या सोनेरी पिसांवर साऱ्या गावाची भिस्त होती. राज्याच्या राणीला हे पक्षी फार आवडत. दरवर्षी दसऱ्याला गावाने एक सोनेरी जोडी राजवाड्याच्या बागेत पोचवायची, आणि त्याबदल्यात गावाची गुरे राजाच्या कुरणात वर्षभर चरायची, असा रिवाज लावेवाल्याच्या आजोबांपासून चालत आला होता. पोराबाळांच्या वाट्याला दूध येई ते त्या कुरणामुळे.

रंगाचे काम त्याच्या घराण्यात ठरल्या पद्धतीने चाले. सोनेरी नराला मातकट मादी द्यायची. मग निम्मी पिल्ले सोनेरी निघत, निम्मी मातकट. आजोबांनी असेच केले, वडिलांनीही असेच केले. असे का, हे मात्र कुणी सांगून ठेवले नव्हते.

वडील गेले, खुराडे याच्या हाती आले, आणि याला त्या मातकट पिल्लांचा राग येऊ लागला.

"निम्मा दाणा ही फुकटी खातात," तो बायकोला म्हणाला. "सोनेरीला सोनेरीच जोडली, तर सगळीच सोनेरी निघतील. एवढी साधी गोष्ट बाबांना कशी सुचली नाही?"

"सुचली असेल की. करूनही पाहिली असेल," बायको म्हणाली. पण शहाण्या माणसाला बायकोचे बोलणे ऐकू येत नाही, तसे यालाही आले नाही.

त्याने सगळे मातकट लावे टोपलीत भरले आणि शेजारच्या कुंभारीणकाकूंच्या दारात नेऊन ठेवले. काकूंचा नवरा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला होता.

"काकू, रस्सा करून घाला काकांना. अंगी लागेल."

"देव तुझं भलं करो, लेकरा," काकू म्हणाल्या आणि टोपली आत घेऊन गेल्या.

पहिल्या वर्षी लावेवाल्याची छाती फुगली. पिल्ले बहुतेक सोनेरी निघाली. काही अंडी फुटलीच नाहीत, पण तिकडे त्याने काणाडोळा केला. अधूनमधून एखादे मातकट निघे, तेही तो काकूंच्या दारात सोडून येई. पुढच्या वर्षी न फुटलेली अंडी वाढली. फोडून पाहिले तर आत जीव धरलेला होता, पण वाढता वाढताच गेलेला. जी पिल्ले बाहेर आली, त्यांतल्या कुणाचे पाय वाकडे, तर कुणाला मान धरवत नव्हती. त्याने दाणा बदलला, खुराड्याचे तोंड पूर्वेला केले, पक्ष्यांची दृष्टसुद्धा काढली. आणि एका पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या खुराड्यात एकच सोनेरी नर उरला.

गावचा पाटील येऊन खुराड्यात डोकावला. "या दसऱ्याला जोडी गेली नाही, तर कुरण बंद," तो हळूच म्हणाला. "गुरं विकावी लागतील रे." तो ओरडला असता तर बरे झाले असते, असे लावेवाल्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात डोके धरून बसला होता. तेवढ्यात शेजारून लाव्याची साद आली. आधी एक, मग तिला उत्तर देणारी दुसरी. तो उठून तसाच काकूंच्या परसात गेला. तिथे फुटक्या रांजणांच्या आडोशाला मातकट लावे आरामात दाणे टिपत होते.

"काकू, तुम्ही हे खाल्ले नाहीत?"

"कशी खाणार, बाबा? पहिल्याच सकाळी हे लावे ओरडले. आमचे हे महिनोन्महिने गप्प पडून होते, ते म्हणाले, 'ऐकलंस?' तेव्हापासून रोज पहाटे ते या पाखरांची वाट बघतात. दोन शब्द बोलतात, दोन घास खातात. तुझे फार उपकार झाले, लेकरा."

लावेवाल्याची मान खाली गेली. जे त्याने टाकून दिले होते, त्याबद्दल ही बाई त्याचे उपकार मानत होती. त्याने अडखळत आपली अडचण सांगितली.

"मग माद्या घेऊन जा की," काकू म्हणाल्या. "मागतोस कसला? ओरडणारे नर तेवढे यांच्यासाठी राहू देत."

सोनेरी नराला मातकट माद्या मिळाल्या. अंडी झाली, उबली, फुटली. एका मातकट मादीच्या पंखाखालून सोनेरी डोके बाहेर आले, आणि लावेवाला लहान मुलासारखा रडला. "चुकलो, बाई," तो त्या मादीला हात जोडून म्हणाला.

पण रडून झाल्यावर त्याच्या मनात एक विचार आला आणि जाता जाईना. राणीच्या बागेत तर सोनेरीला सोनेरीच जोडलेली. म्हणजे तिथेही अंडी अशीच मरत असणार, आणि म्हणूनच तिला दरवर्षी नवी जोडी लागते. हे सांगावे, तर राणीला गावाची गरज उरणार नाही. न सांगावे, तर कुरण कायम. कुरण काही त्याच्या एकट्याचे नव्हते, म्हणून त्याने ही गोष्ट पाटलाच्या कानावर घातली.

पाटलाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्यांच्या गवतावर आपली पोरं वाढली. त्यांच्या अंगणात जीव मरताहेत हे कळूनही गप्प बसायचं? सांगून टाक. पुढचं पुढे बघू."

दसऱ्याला लावेवाल्याने राणीसमोर सोनेरी जोडी ठेवली, आणि शेजारी मातकट लाव्यांचा पिंजरा ठेवला.

"हे कशाला?" राणीने विचारले.

"या मातकट माद्या सोनेरी नरांना द्या, राणीसाहेब, आणि हे मातकट नर सोनेरी माद्यांना. मग अंडी जगतील. रंग सोनेरींचा दिसतो, पण तो जगवतात हे. मला ते कळलं नव्हतं. मी यांना टाकून दिलं होतं."

राणी खाली बसली आणि मातकट पक्ष्यांकडे पाहत राहिली. "दर साली अंडी मरतात म्हणून मी माळ्याला बोल लावत होते," ती म्हणाली. "पण आता मला तुमची जोडी लागणार नाही. हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं, राणीसाहेब."

"मग का सांगितलंत?"

"तुमच्या कुरणानं आमच्या लेकरांना दूध दिलं. आणि मी टाकाऊ म्हणून दिलेल्या पाखरांसाठी माझ्या शेजारणीनं माझेच उपकार मानले. त्यानंतर गप्प राहणं जमेना."

"कुरण आम्ही जोडीच्या बदल्यात देत होतो," राणी म्हणाली. "आजपासून ते बदल्यात नाही. ते गावाचं झालं."

लावेवाला गावी परतला. पाटील वेशीवर वाट पाहत होता. त्याला बातमी सांगून तो थेट काकूंच्या दारी गेला आणि त्यांच्या पाया पडला.

"अरे, मी काय केलं?" काकू गोंधळून म्हणाल्या.

"तुम्ही त्यांना जपलंत, काकू," तो म्हणाला.

तात्पर्य: जे उठून दिसते त्याचे कौतुक करण्याआधी, ते ज्याच्या जिवावर उभे आहे त्याचे उपकार मानावेत.