बरोबरीची दवंडी

दाजीसाहेबांना तीनशे बारा, आणि गणपतशेटनाही तीनशे बाराच! दिवाणजींनी मतं पुन्हा मोजली, चष्मा पुसून मोजली, शेवटी चष्मा काढूनही मोजली. पण एक मत इकडचं तिकडे होईल तर शपथ!

सज्जात उभ्या असलेल्या कुसुंबगडच्या राजेसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आदल्या साली विलायतेला गेले असताना त्यांनी तिथल्या एका गावची पोटनिवडणूक पाहिली होती. पार्लमेंटातली एक जागा रिकामी झालेली, दोन उमेदवार हातघाईवर आलेले, आणि सज्जातून विजयी नाव पुकारल्याबरोबर अख्खं गाव टोप्या उडवतंय! झालं, राजेसाहेबांना वेडच लागलं. आपल्या सल्लागार मंडळातले म्हातारे बापूसाहेब वारले, तर तेराव्याची पंगत उठते न उठते तोच इथे पोटनिवडणूक जाहीर! सगळं तिकडच्यासारखं हवं. दाजीसाहेबांना निळी फीत, गणपतशेटना पिवळी. तिकडे उमेदवार तान्ह्या पोरांचे मुके घेतात म्हणे, म्हणून इथेही हुकूम सुटला. दाजीसाहेबांच्या मिशा अशा, की पुढे महिनाभर गावातली पोरं केरसुणी दिसली तरी भोकाड पसरत!

आणि एवढं करून बरोबरी!

"चिठ्ठ्या टाकू या का, सरकार?" दिवाणजी म्हणाले.

"चिठ्ठीच उचलायची तर ती पोपटवाल्याचा पोपटही उचलेल! निवडणूक कशाला घेतली?"

"मग पुन्हा मतं..."

"एकदा दिलेलं मत म्हणजे सुटलेला बाण!"

खाली भिवा दवंडीवाला हलगी घेऊन केव्हाचा ताटकळत होता. गावची दवंडी त्याच्या घराण्याकडे पणजोबापासूनची. तो भाबडेपणाने म्हणाला, "सरकार, मग मी दोन्ही नावं पुकारू?"

सगळा चौक खो खो हसला. राजेसाहेब लालबुंद झाले.

"माझ्या निवडणुकीची थट्टा? उद्या दुपारी एकच नाव पुकार! चिठ्ठी नाही, फेरमतदान नाही, मी निवड करणार नाही. आणि हरणाऱ्याने आपल्या तोंडाने हार कबूल केली पाहिजे. जमलं नाही, तर ती हलगी सरकारजमा! गावची दवंडी दुसऱ्याकडे!"

आता दाजीसाहेब आपल्या तोंडाने हार कबूल करणार? ते बुद्धिबळात हरले तर पटच उधळून देत! भिवाने घरी येऊन भाकरीला हातही लावला नाही. त्याची लेक सगुणा हात कमरेवर ठेवून समोर उभी राहिली. तिचा आवाज बापासारखाच खणखणीत, त्यामुळे पुढचं बोलणं शेजारीपाजारी आपोआपच ऐकू गेलं.

"बा, दोघांच्या वचनांची दवंडी तूच पिटलीस ना?"

"मग दुसरं कोण आहे?"

"कुठं कुठं पिटलीस?"

"ज्या आळीची दवंडी त्या आळीत. रीतच आहे ती. कुंभारांचं परटांना कशाला सांगू?"

सगुणा गालातल्या गालात हसली. "भाकरी खा, बा. उद्या घसा लागणार आहे!"

दुसऱ्या दुपारी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगुणा पुढे झाली.

"सरकार, विलायतेत निवडून आलेला माणूस कामाला कधी लागतो?"

राजेसाहेबांना ते ठाऊक नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? "कधी म्हणजे? त्याच दिवशी!"

"दाजीसाहेब, शेटजी, तुमच्या नावानं पिटलेली दवंडी तुम्हाला कबूल?"

"अलबत!" दाजीसाहेबांनी मिशीला पीळ भरला. गणपतशेटनीही मान डोलावली.

"मग बा, सगळ्या आळ्यांची दवंडी इथंच होऊ दे!"

भिवाने हलगी कडाडवली. "ऐका हो ऐका! दाजीसाहेब निवडून आले, तर तळं उपसून कुंभारांना माती मोकळी करणार हो!"

कुंभारआळी आनंदाने ओरडली.

"ऐका हो ऐका! दाजीसाहेब निवडून आले, तर परटांसाठी तळं काठोकाठ भरलेलं ठेवणार हो!"

कुंभारआळीने परीटआळीकडे पाहिलं. परीटआळीने कुंभारआळीकडे पाहिलं.

"पेठेतल्या गाड्यांसाठी चौकातली चिंच तोडणार हो! खालच्या आळीच्या सावलीसाठी तीच चिंच राखणार हो! आणि वरच्या आळीतल्या समस्त सासवा-सुनांची भांडणं जातीनं मिटवणार हो!"

"मग चला की!" वरच्या आळीची ठकूबाई पदर खोचून पुढे आली. "सरकारांनी आजच म्हटलंय. आधी आमच्या घरी!"

"त्यांच्या घरी का म्हणून?" मागून तिची सून कडाडली. "आधी माझं ऐका, दाजीसाहेब!"

एका बाहीला कुंभार, दुसरीला परीट, आणि समोर अख्खी वरची आळी! मिशीचा पीळ कधी उतरला कळलंही नाही.

"आणि शेटजींचं काय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"त्यांचा हात आखडता, सरकार," भिवा म्हणाला. "दवंडीचे पैसे वाचवायला त्यांनी सगळ्या आळ्यांना मिळून एकच दवंडी दिली. नदीवरचा फळ्यांचा साकव नवा करणार!"

"अहो, मग तेच निवडून आले!" दाजीसाहेब किंचाळले. "मी हरलो! माझ्या तोंडाने सांगतो, हरलो! बाही सोडा!"

"ऐका हो ऐका! गणपतशेट निवडून आले हो!"

गावाने टोप्या उडवल्या, टोप्या नव्हत्या त्यांनी मुंडाशी उडवली. इतक्यात गणपतशेटना साकवाच्या फळ्या आठवल्या.

"आजच? अहो, थांबा! मला वाटतं, दाजीसाहेबच जास्त..."

"शेटजी," सगुणा म्हणाली, "मत म्हणजे सुटलेला बाण, तर दवंडी म्हणजे फुटलेला तोफगोळा! आता फळ्या आणा!"

राजेसाहेब एवढे हसले, की त्यांना सज्जाचा कठडा धरावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "पोरी, सगळं जमवलंस! आता तेवढी त्या सासवा-सुनांची भांडणंही मिटव!"

"ते विलायतेलाही जमायचं नाही, सरकार!"

राजेसाहेब पुन्हा हसत सुटले. त्यांनी खाली येऊन हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं, आणि भिवाच्या हलगीला चांदीचा वेढा चढवण्याचा हुकूम दिला. त्या हुकमाची दवंडी भिवाने स्वतःच, आणि एकूण एक आळीत पिटली!