कंठाच्या हाडाचे पाहुणे

माणूस नुकताच बोलू लागला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या हाडांनी बैठक भरवली. प्रत्येकानं उठून आपले पाहुणे कोण ते सांगायचं होतं. मांडीचं हाड ऐटीत म्हणालं, "आमचे वरचे पाहुणे कमरेतले, खालचे नडगीकडचे."

जिभेच्या मुळाशी राहणारं इवलंसं कंठाचं हाड हळूच म्हणालं, "मी कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. स्नायूंना लटकून जीभ तेवढी धरून ठेवतं."

"ना सोयरा, ना सांधा! मग आमच्यात कशाला?" बरगड्या खेकसल्या. ते गुमान निघून गेलं.

हा निर्णय साऱ्या शरीराला सांगायला जबड्यानं तोंड उघडलं, तर जीभ मागे घशात घसरली. "आ... आ..." याखेरीज काही फुटेना. घाबरून बोटांनी हातवारे करत कंठाच्या हाडाला परत बोलावलं.

ते जागेवर बसलं, तसे जबड्यातून पहिले शब्द निघाले, "या पाहुणे, बसा!"