लग्नपत्रिकेचा पंखा

चंद्रपुरातला मे महिना. घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून कुमुदताई पाळणाघरातल्या मुलांना सकाळी तासभर टीव्ही लावून देत. निवृत्त शिक्षणाधिकारी दाणीसाहेब तो बंद पाडायलाच घामाघूम होऊन आले. त्यांच्या शब्दावर आईबाप मुलं काढून घेत. त्यात वीज गेलेली. एका मुलीनं त्यांना जुन्या लग्नपत्रिकेचा घड्या घातलेला पंखा दिला.

तो हलवत साहेबांनी सुनावलं, "टीव्हीपुढे बसून मुलांचे हात निकामी होतात. उद्यापासून बंद."

"बरं साहेब," कुमुदताई म्हणाल्या, "मग तेवढा पंखा खाली ठेवा. मुलांनी तो आज सकाळी टीव्हीवर बघूनच केलाय."

साहेबांचा हात थांबला. कपाळावरून घाम ओघळला.

पुन्हा पंखा हलवत ते म्हणाले, "उद्या किती वाजता लावता?"