रुमाल झटकल्यावर

फार मागे एकदा रानातलं पाणी आटलं. साळिंदराची आई पायांनी अधू होती. तिला खिंडीपलीकडच्या डोहावर न्यायचं म्हणून तो बाजारात गाडा घ्यायला गेला.

गाडे मुंगूस विकायचा. तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा रिवाज होता, म्हणजे तिसऱ्याला काही कळत नसे. साळिंदर हटून बसला आणि निम्म्या भावात गाडा ठरवला.

मग मुंगसाने रुमाल झटकला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "पाव्हणं, लाकडी छत, लोखंडी कठडा, पितळी घुंगरं लावू ना? का म्हातारीला उघडीच नेणार?"

"ऐपत नसेल हो!" गर्दीतली एक घूस खिदळली.

साळिंदराचे काटे ताठ झाले. "लाव सगळं," तो म्हणाला.

आईला बसवून तो निघाला. खिंडीच्या चढावर छता-कठड्याच्या ओझ्याने गाडा अडला. त्याने छत उपटून पाहिलं, पण खिळे पक्के होते.

"बाळा, घुंगरं गोड वाजतात रे," आई सुकल्या ओठांनी म्हणाली. "पाणी अजून लांब आहे का?"

"आलंच," म्हणत तो ओढत राहिला. प्रत्येक हिसक्याला घुंगरं वाजत होती. दिवस मावळेपर्यंत वाजत होती. आईने मात्र पुन्हा काही विचारलं नाही.