कढईकडे पाठ

एका गावातल्या हायस्कुलात विज्ञानाच्या एक हौशी बाई होत्या. सण कुठलाही येवो, नववीच्या वर्गात त्याचा धडा व्हायचाच. नागपंचमीला सरपटणारे प्राणी, दिवाळीला फटाक्यांतले क्षार. मुलं खूश होती. मुख्याध्यापक नव्हते. ते गणिताचे होते.

"बाई, मौज दिसते, शिक्षण कुठाय?" ते म्हणाले. "संक्रांतीचा तुमचा तास बघायला मी येतो. पोरं काही शिकलेली दिसली तर ठीक. नाहीतर पुढच्या प्रत्येक सणाला माझा जादा तास."

ही बातमी नववीच्या वर्गात पोचायला वेळ लागला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत स्टोव्ह पेटला, कढईत गूळ पडला. बाईंचं लग्न नुकतंच झालेलं. सासरी अजून कुणी त्यांच्या हाती कढई दिली नव्हती. पण पुस्तकात सगळं होतं. त्यांनी कढईकडे पाठ केली आणि फळ्यावर लिहायला घेतलं, 'द्रावण म्हणजे...'

"बाई, पाक," पहिल्या बाकावरची कावेरी म्हणाली.

"हात वर करून बोलावं."

कावेरीने हात वर केला. बाईंचं तोंड फळ्याकडे. हात तसाच राहिला.

"बाई, वास येतोय," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"येऊ दे. आधी व्याख्या पूर्ण करा."

व्याख्या पूर्ण झाली तेव्हा पाकाचंही व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीळ घालून, हात पोळून घेत मुलांनी लाडू वळले. एक लाडू टेबलावरून पडला. फरशीचा टवका उडाला.

बाईंच्या कपाटात दुकानातल्या मऊ लाडवांचा डबा होता, असावा म्हणून आणलेला. बाहेर मुख्याध्यापकांच्या चपला वाजल्या.

"बाई, तो डबा काढू?" कावेरी कुजबुजली. "नाहीतर जादा तास नक्की."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग मुलांच्या पोळलेल्या तळहातांकडे.

"नको. आपण केलेत तेच द्यायचे."

मुख्याध्यापक आत आले. बाईंनी ताटली पुढे केली. "सर, पाक बिघडलाय. चावू नका, चघळा."

"मला सांगता? या दातांनी मी अजून सुपारी फोडतो!" म्हणत ते कडाडून चावले.

दात लाडवात रुतले ते रुतलेच. सरांना बोलता येईना. त्यांनी लाडवाकडे बोट दाखवलं, मग वर्गाकडे, आणि भुवया उंचावल्या. असं का?

हात वर करायचं कुणालाच सुचलं नाही.

"सर, त्यातलं पाणी उडून गेलं!"

"पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा असतो. मऊ गोळी झाली की लगेच उतरवायचा."

"आमची व्याख्या होईपर्यंत तो चिक्कीच्याही पुढे गेला, सर!"

"मग हे लाडू पाणी घालून परत तापवले तर?" कावेरीने विचारलं.

"बघू या की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

या वेळी सगळा वर्ग कढईभोवती उभा होता, बाईसुद्धा. लाडू मऊ झाले. घंटा होता होता सरांच्या तोंडातलाही विरघळला.

"होळीला काय आहे?" सरांनी जबडा चोळत विचारलं.

"फुलांपासून रंग, सर."

"येईन मी. फक्त खायचं काही ठेवू नका."

तात्पर्य एवढंच: व्याख्या थांबून राहते, पाक थांबत नाही, आणि बिघडलेलं कपाटाआड न लपवता पुढे ठेवलं, तर त्याचाही धडा होतो.