निजलेल्या राजाचा हुकूम

शिवणी देशात राजा मेला असं कुणी म्हणायचं नाही. दवंडी पिटायची ती एवढीच, "महाराज निजले." शेवटचा राजा निजला तेव्हा त्याला वारस नव्हता, म्हणून लोकांनी निवडून दिलेली मंडळी भर दुपारी दरबारात देशाची घटना लिहायला बसली.

वकील सगुणाबाईंनी पहिलं कलम सांगितलं, "कायद्यापुढे सारे सारखे." तोच रिकाम्या सिंहासनाची गादी दबली आणि दरबारभर गारठा पसरला.

"खोडा ते!" आवाज राजाचाच होता. "आम्ही निजलो आहोत, मेलो नाही. लिहा, राजा कायद्याहून मोठा!"

लेखनिकाचा हात आपसूक खोडायला सरकला. सगुणाबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि सिंहासनाला मुजरा केला.

"महाराज, आपल्या आजोबांनी झोपेत बरळून पोटच्या पोराला सुळावर चढवलं. जाग आल्यावर रडत रडत त्यांनीच कायदा केला, की राजा झोपेत बोलला तर तो हुकूम मानायचा नाही. आपण जागे असाल तर उठून समोर या. निजलेले असाल तर हे बरळणं झालं. आणि मेलेले असाल, तर राज्य कसलं?"

 मग सिंहासनावरून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं.

लेखनिक कुजबुजला, "बाई, हे खरंच जागे झाले तर?"

"म्हणून तर," कलमाखाली रेघ ओढत त्या म्हणाल्या, "यापुढे आपण झोपायचं नाही."